हाउसफुल्ल झालं तरच

ठाण्यात नाटकाचं तिकीट काढायला डोकं लागत नाही. पेपरात जाहिरात बघायची, प्लॅन कधी उघडतोय ते वाचायचं आणि सकाळी गडकरी रंगायतनच्या खिडकीवर जायचं. आतला माणूस प्लॅनचा कागद पुढे सरकवतो, आपण मधल्या दोन खुर्च्यांवर बोट ठेवतो, तो फुली मारतो. संपलं. २०१५ साली पुढच्या रांगांना तीनशे रुपये पडायचे आणि तेवढ्यालाही आम्ही ‘काय बाई महाग झालंय’ म्हणत असू.

त्याच वर्षी सप्टेंबरात मी लेकीकडे जर्सी सिटीला गेले. बँकेतून नुकती निवृत्त झालेली, हाताशी वेळच वेळ, आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कचा ब्रॉडवे. पहिल्याच रविवारी लेकीने लॅपटॉप उघडला. “आई, कुठलं बघायचं बोल.” मी चष्मा लावून आकडे वाचले. एकशे पस्तीस डॉलर. एकशे पंचावन्न. मनातल्या मनात पासष्टने गुणलं आणि लॅपटॉप मिटला. दहा हजार रुपयांत आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी नाटक बघून वर मध्यंतरात बटाटेवडे खातील.

“मी देतेय ना पैसे,” लेक म्हणाली.

“तू देतेस म्हणून का ते कमी होणारेत?”

“मग रश कर. नाही तर लॉटरी. नाही तर एसआरओ. टीकेटीएस आहेच.” एवढं बोलून सोमवारी सकाळी ती ऑफिसला गेली. मागे टेबलावर एक चिठ्ठी, त्यावर हे चार शब्द आणि नदीपलीकडे नेणाऱ्या पाथ गाडीचं कार्ड. त्यातला एक शब्द मला कळला असेल तर शपथ. इंटरनेटवर शोधलं तर आणखी घोळ. एका नाटकाला रश आहे पण लॉटरी नाही, दुसऱ्याला लॉटरी आहे पण रश नाही, तिसऱ्याला विद्यार्थ्यांसाठी रश, तेही ओळखपत्र दाखवून. दर वेगळे, वेळा वेगळ्या. कर्जाच्या फायली तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईला एवढ्या अटी एका कागदावर मांडता येऊ नयेत, याचा मला रागच आला.

टीकेटीएस निदान डोळ्यांना दिसतं, म्हणून तिथून सुरुवात केली. टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला, सत्तेचाळिसाव्या रस्त्याशी, डफी स्क्वेअर नावाचा त्रिकोणी तुकडा आहे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेलेल्या एका पाद्र्याचा तिथे पुतळा आहे आणि त्याच्या पाठीशी लाल काचेच्या सत्तावीस पायऱ्या. २००८ पासून त्या तिथे आहेत आणि जगभरचे लोक त्यांवर बसून फोटो काढत असतात. आपल्या बुडाखाली टीकेटीएसच्या तिकीटखिडक्या आहेत, याचा त्यातल्या निम्म्यांना पत्ता नसावा. मलाही नव्हता. पायऱ्या चढून वर गेले, वर काहीच नाही, पुन्हा उतरले.

खिडक्यांच्या बाजूला मोठे विजेचे फलक. नाटकाचं नाव आणि पुढे टक्के: ५०, ४०, ३०. म्हणजे त्या रात्रीच्या प्रयोगाच्या तिकिटावर तेवढी सूट. रात्रीच्या प्रयोगांची विक्री तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास सुरू व्हायची आणि रांग त्याआधीच वळणं घेत उभी असायची. ही खिडकी कुण्या दलालाची नव्हे. थिएटर डेव्हलपमेंट फंड म्हणून ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहे, १९६८ साली स्थापन झालेली. १९७३ मध्ये तिने ही खिडकी उघडली, तेव्हा हा सगळा परिसर कळकट होता आणि थिएटरं ओस पडत होती. न विकलेल्या खुर्च्या अर्ध्या दरात त्याच दिवशी विकायच्या, एवढी साधी कल्पना. रात्री आठला पडदा उघडला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती खुर्ची उद्या विकता येत नाही. बँकेच्या माणसाला हे पटकन कळतं.

पण फलकावर मला हवं असलेलं एकही नाव नव्हतं. ‘हॅमिल्टन’ नाही, ‘विकेड’ नाही, ‘द बुक ऑफ मॉर्मन’ नाही. मला वाटलं, फलक पुढे सरकेल. मान दुखेपर्यंत बघत राहिले. शेवटी रांगेतल्या लोकांच्या शंका निरसत फिरणाऱ्या त्या संस्थेच्या एका तरुणाला विचारलं. तो हसून म्हणाला, “मॅडम, ज्यांच्या खुर्च्या भरतात ते इथे कशाला येतील?” हे वाक्य मी नंतर किती तरी वेळा आठवलं, कारण पुढची सगळी गोम त्यातच होती.

मग त्याने विचारलं, “गाण्याचंच हवंय की साधं नाटक चालेल?” चालेल? मी म्हटलं, मी नाटकच बघायला आलेय. तर त्याने मला त्या लांबलचक रांगेतून उचलून दुसऱ्या खिडकीशी नेऊन सोडलं. नुसत्या नाटकांची वेगळी खिडकी, समोर जेमतेम पाच-सहा माणसं. बाकीची सगळी दुनिया म्युझिकलसाठी ताटकळत होती. मराठी माणसाला एवढा सन्मान तिथे कुणी दिला नसेल. ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ अर्ध्या दरात मिळालं. आलेख-कागदाच्या खोक्यासारखं नेपथ्य, त्याच्या भिंतींवर प्रकाशाने काढलेल्या रेघा, आणि त्यात तो गोंधळलेला, आकड्यांत रमणारा मुलगा एकटा लंडनच्या स्टेशनवर उतरतो. त्या गोंगाटातली त्याची घाबरगुंडी मला जरा जास्तच जवळची वाटली.

तरी अर्धा दर म्हणजे सत्तर-पंचाहत्तर डॉलर होतेच. चिठ्ठीवरच्या पहिल्या शब्दाकडे वळणं भाग होतं.

रश म्हणजे काय, तर त्याच दिवशीची थोडी तिकिटं त्याच थिएटरच्या खिडकीवर, एकाच ठरलेल्या कमी दरात, आधी येईल त्याला. खिडकी सकाळी दहाला उघडते. तेव्हा तीसेक-चाळीस डॉलर पडायचे आणि एका माणसाला फार तर दोन मिळायची. म्हणजे प्रकार आपल्या ओळखीचा निघाला, रांग लावायची! यात मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी सोमवार निवडला. त्या दिवशी बहुतेक थिएटरं बंद असतात, पण ‘शिकागो’चा प्रयोग असतो. साडेसातलाच एकोणपन्नासाव्या रस्त्यावर ॲम्बॅसॅडर थिएटरच्या दाराशी पोचले. माझ्यापुढे एक विद्यार्थी भिंतीला टेकून झोपलेला, दोन जर्मन पर्यटक, आणि घडीची खुर्ची घेऊन बसलेल्या एक वयस्क बाई. निवृत्त शिक्षिका. विणकाम करत होत्या.

त्या रांगेत मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याही वाचनातून शिकले नसते. रांगेला तिथे अलिखित कायदा आहे. मागच्या-पुढच्याला सांगून दहा मिनिटं कॉफीला जाता येतं, पण अर्धा तास गायब झालात तर जागा गेली. मित्रासाठी जागा धरून ठेवायची नाही, तुम्हाला दोन तिकिटं मिळणारच आहेत, त्यातलं एक मित्राला द्या. आणि पुढे किती माणसं आहेत ते मोजून प्रत्येकाला “एक घेणार का दोन?” हे विचारायचं. कारण किती तिकिटं निघणार हे कुणालाच माहीत नसतं, पण अंदाज बांधायला काय जातं? बाईंनी विणता विणता सगळ्यांची मोजणी केली आणि मला म्हणाल्या, “तुम्हाला मिळेल. तुमच्या मागच्यालाही मिळेल. त्याच्या मागच्याचं मी सांगत नाही.”

या सगळ्याची सुरुवात ‘रेंट’ने केली, हे त्यांनीच सांगितलं. १९९६ साली एप्रिलमध्ये ते ब्रॉडवेवर एक्केचाळिसाव्या रस्त्यावरच्या नेदरलँडर थिएटरात आलं. त्याचा कर्ता जोनाथन लार्सन ब्रॉडवे बघायला जिवंत नव्हता. छोट्या थिएटरात पहिला प्रयोग लागायच्या आदल्या रात्रीच, जानेवारीत, तो पस्तिसाव्या वर्षी गेला. नाटक भाडं भरायलाही पैसे नसलेल्या कलाकार पोरांचं. तसल्या पोरांना ते बघताच आलं नाही तर काय उपयोग, म्हणून पहिल्या दोन रांगा वीस डॉलरला, त्याच दिवशी विकायच्या ठरल्या. सगळ्यात मागच्या नाहीत, सगळ्यात पुढच्या. पोरं आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथारी टाकू लागली. बाईही एक रात्र तिथे झोपल्या होत्या. तो रस्ता तेव्हा रात्री झोपावं असा नव्हता, गर्दी हाताबाहेर जायला लागली, आणि वर्षभरातच रांग मोडून चिठ्ठ्या टाकायची पद्धत सुरू झाली. ब्रॉडवेवरची लॉटरी आली ती अशी.

“रांगच बरी होती,” मी म्हटलं. “जो झिजेल त्याला मिळेल.”

बाईंनी सुया थांबवल्या. “तुम्ही नोकरी करता?”

“आता नाही.”

“मीही नाही. सोमवारी सकाळी साडेसातला इथे कोण येऊ शकतं? तुम्ही, मी, हा झोपलेला. माझ्या मुलीला नाही जमत. तिच्यासाठी चिठ्ठीच बरी.”

मला उत्तर सुचलं नाही. लेकीने स्वतः यातलं काहीच का केलं नव्हतं, हेही तेव्हाच उमगलं.

दहाला खिडकी उघडली, तिकीट मिळालं, उजव्या कडेचं. अशा जागांना तिथे ‘पार्शल व्ह्यू’ म्हणतात. खिडकीतल्या माणसाने आधीच बजावलं होतं, “थोडं दिसणार नाही हं.” ‘शिकागो’त वाद्यवृंदच रंगमंचाच्या मधोमध बसतो, नेपथ्य जवळपास नाहीच, आणि नर्तक मंडळी आपलं काम नसताना कडेच्या खुर्च्यांवर बसून बाकीच्यांचं बघतात. माझ्या बाजूच्या कडेला बसलेले मला दिसत नव्हते, फक्त मधूनच एखादा लांब पाय पुढे येई. पण ट्रम्पेटवाल्याच्या गालांवरच्या शिरासुद्धा दिसल्या. एकशे चाळीस डॉलर देऊन वर बाल्कनीत बसलेल्यांना त्या दिसल्या नसतील.

आपल्याकडे असं का नाही, यावर मी परतीच्या पाथ गाडीत विचार केला. हे ठाण्यात चालणारच नाही. आमच्या रंगायतनला सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. नेपथ्य बसमधून येतं आणि प्रयोग संपला की बसमधून डोंबिवलीला किंवा बोरिवलीला जातं. पुन्हा ते नाटक ठाण्याला कधी लागेल ते पेपरात बघायचं. ‘शिकागो’चा हा अवतार १९९६ पासून चालू आहे आणि आठवड्याचे आठ प्रयोग त्याच दाराआड होतात. रोज तीच खिडकी, रोज त्याच हजारभर खुर्च्या. तिथे ‘आजचं तिकीट आज’ हा धंदा बसू शकतो. शिवाय आपल्याकडे दर मुळातच असे आहेत की सवलतीसाठी कुणी पहाटे उठणार नाही. आपल्याला रांग लागते ती तिकीट मिळेल का यासाठी, परवडेल का यासाठी नाही.

मग लॉटरी. ‘हॅमिल्टन’चं त्या शरद ऋतूत काय झालं होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. ऑगस्टात नाटक ब्रॉडवेवर सुरू झालं होतं, आणि साधी तिकिटं महिनोन्महिने पुढची. पण प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या एकवीस खुर्च्या दहा डॉलरला, चिठ्ठ्या टाकून. दहाच का, तर दहा डॉलरच्या नोटेवर अलेक्झांडर हॅमिल्टनचाच चेहरा आहे. नाटक त्याचं, नोट त्याची.

बुधवारी दुपारचा प्रयोग असतो. मी साडेअकराला सेहेचाळिसाव्या रस्त्यावर रिचर्ड रॉजर्स थिएटरपाशी गेले आणि मला रस्ताच सापडेना. फुटपाथ भरून माणसं रस्त्यात सांडलेली. एका टेबलावर कार्डं, त्यावर नाव लिहायचं, एक तिकीट की दोन ते लिहायचं, आणि टाकायचं. ओळखपत्र जवळ हवं. माझं नाव लिहून झाल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हा, की हे नाव तो माणूस उच्चारणार कसं, आणि उच्चारलं तर मला कळणार कसं? शेजारच्या मुलीला सांगून ठेवलं, ‘शि’ने सुरू होणारं काहीही चमत्कारिक ऐकू आलं तर मला ढोसायचं.

चिठ्ठ्या काढण्याआधी दार उघडलं आणि लिन-मॅन्युएल मिरांडा बाहेर आला. नाटक लिहिणारा, संगीत देणारा, आणि त्यात हॅमिल्टन झालेला माणूस, साध्या कपड्यांत, हातात कर्णा घेऊन. दुपारी त्याचा प्रयोग, रात्री पुन्हा प्रयोग, आणि हा रस्त्यावर आम्हाला करमणूक म्हणून चार मिनिटांचा कार्यक्रम करून दाखवणार! याला ‘हॅम फॉर हॅम’ म्हणत. ज्यांना तिकीट मिळणार नाही त्यांनी निदान काही तरी बघून जावं, म्हणून तो हे जुलैपासून करत होता. कधी आपल्या कंपनीतले नट, कधी दुसऱ्या थिएटरातले पाहुणे. मला पुढच्या उंच पोरांच्या पाठीच दिसल्या. गाणं मात्र ऐकू आलं, आणि शेजारच्या मुलीने वर धरलेल्या फोनच्या पडद्यावर मिरांडा अंगठ्याएवढा दिसत होता. माझ्यापासून वीस फुटांवर असलेला माणूस मी असा पाहिला.

नावं पुकारली जाऊ लागली. नाव आलं की गर्दीत कुठे तरी किंकाळी फुटे आणि सगळे टाळ्या वाजवत. हरलेले लोक जिंकलेल्यांसाठी टाळ्या वाजवतात हे मला फार आवडलं. निदान पहिल्या दहा नावांपर्यंत वाजवतात, पुढे टाळ्या विरळ होत गेल्या. माझं नाव आलं नाही. किंवा आलं आणि त्याने ते असं काही पुकारलं की शेजारच्या मुलीलाही कळलं नाही. पुन्हा गेले, पुन्हा नाही. शेकडो कार्डांत एकवीस खुर्च्या, आणि त्याही लोक जोडीने मागतात.

तिथेच दाराच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक रांग होती, रद्द झालेल्या तिकिटांची. कुणी आयत्या वेळी तिकीट परत केलं तर ते पूर्ण दराने या रांगेला मिळे. तीत एक तरुण पायाला ब्लँकेट गुंडाळून बसला होता. मी त्याला सहानुभूतीने विचारलं, “तुला फार आवडतं का हे नाटक?” तो म्हणाला, “मी बघणार नाहीये. मी कामावर आहे.” तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत बसायचा तो व्यवसाय करत होता. ज्याचं तिकीट तो शेवटच्या क्षणी टॅक्सीतून उतरून जागेवर येणार. जो झिजेल त्याला मिळेल, असं मी विणकामवाल्या बाईंना म्हटलं होतं. झिजायलाही माणूस लावता येतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उरला एसआरओ. स्टँडिंग रूम ओन्ली, म्हणजे उभं राहून बघायचं. हा शब्द कळल्यावर मला धीर आला. ठाण्याहून सीएसटीपर्यंत दरवाज्यापाशी उभं राहून नोकरी केलेल्या बाईला अडीच तास उभं राहण्याचं काय अप्रूप? मी थेट ‘द बुक ऑफ मॉर्मन’च्या खिडकीवर, युजीन ओनील थिएटरला गेले. ‘शिकागो’च्या जवळजवळ समोरच आहे. सकाळी, मोठ्या उत्साहाने. म्हटलं, आजचं एक उभ्याचं तिकीट द्या.

“आज नाहीये,” खिडकीतला माणूस.

“संपली?”

“नाही. आज अजून हाउसफुल्ल नाही. बसायची तिकिटं आहेत.”

“मला बसायचं नकोय. परवडत नाही. मला उभं राहायचंय.”

“हाउसफुल्ल झालं तरच उभ्याची विकतो, मॅम.”

मी बाजूला होऊन फुटपाथवर हे मनाशी लावून पाहिलं. जागा शिल्लक आहे म्हणून स्वस्त तिकीट नाही. जागा संपली तर स्वस्त तिकीट मिळेल. डफी स्क्वेअरला बरोब्बर उलटं, तिथे जागा शिल्लक असेल तरच स्वस्त. त्या तरुणाचं वाक्य तेव्हा नीट कळलं. सूट ही थिएटरची भीती आहे, खुर्ची रिकामी राहण्याची. उभ्याचं तिकीट ही थिएटरची चैन आहे, सगळं विकून झाल्यावरची. शिवाय खुर्च्या रिकाम्या असताना माणसांना मागे उभं केलं, तर दिवे मालवताच ती जाऊन बसणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणजे मला आता थिएटर भरावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे होते. आपल्याकडे हाउसफुल्लचा बोर्ड बाहेर लागला की आपण हिरमुसून घरी जातो. मी शनिवारची वाट बघू लागले, की तो बोर्ड लागावा.

शनिवारी लागला. संध्याकाळी आधी त्यांचीही लॉटरी होती, दारासमोर नावं पुकारली गेली, मी सवयीने कार्ड टाकलं आणि सवयीने हरले. पण मी दुपारपासून उभ्याच्या रांगेत नंबर लावून होते. लॉटरी उरकल्यावर खिडकी उघडली आणि सत्तावीस डॉलरला तिकीट हातात आलं. त्यावर खुर्चीचा नंबर नाही, उभं राहायच्या जागेचा नंबर. तळमजल्याच्या शेवटच्या रांगेमागे छातीएवढा कठडा, त्याला टेकायचं, आणि प्रत्येकाने आपापल्या नंबरासमोर. मी मुंबईची, म्हणून जरा सरकून मधे यायला बघितलं, तर जागा दाखवणाऱ्या अशर बाईने नुसत्या बोटाने मला जागेवर पाठवलं. आपल्या जुन्या थिएटरात हाउसफुल्ल झालं की मधल्या वाटेत जादा खुर्च्या टाकत. इथे आगीच्या नियमांपुढे कुणाचं काही चालत नाही. वाट म्हणजे वाट.

शेजारचा गृहस्थ मुरलेला होता. त्याने पिशवीतून स्वयंपाकघरातली जाड रबरी चटई काढली आणि पायांखाली घातली. कोट आधी कठड्यावर, मग त्यावर कोपर. मीही शाल तशीच घातली. उभं राहून दिसतं उत्तम, रंगमंचाच्या अगदी समोर, पुढच्याचं डोकं मधे नाही. फक्त वरच्या मजल्याचं छत खाली उतरलेलं असतं, त्यामुळे नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो. कुणी उंचावर चढलं की कमरेपासून खालीच दिसतं.

नाटक मात्र! दोन गोरे, भाबडे धर्मप्रचारक युगांडात जातात, एवढंच मला माहीत होतं. २०११ सालापासून गाजतंय, नऊ टोनी पुरस्कार मिळालेत, हे वाचलेलं. इतकं चावट आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात कानावर जे पडलं ते मी लेकीला सांगू शकले नाही. पण ‘विच्छा माझी पुरी करा’ बघत मोठ्या झालेल्यांना चावटपणाची धास्ती नसते, आणि या चावटपणाच्या तळाशी त्या दोन पोरांबद्दल माया होती. मी कठड्यावर डोकं टेकून हसले. खुर्चीत बसून माणूस इतकं हसू शकत नाही, पोटाला जागा पुरत नाही.

मध्यंतरात आमच्या पुढचं एक जोडपं कोट घालून निघून गेलं, चेहऱ्यावरून दुखावलेलं दिसत होतं. दोन खुर्च्या मोकळ्या. चटईवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पोटऱ्या एव्हाना बोलायला लागल्या होत्या. तो म्हणाला, “तुम्ही बसा.” मी म्हटलं, “तुम्ही बसा.” अस्सल पुणेरी लग्नात चालतं तसं आमचं चाललं, तेवढ्यात दुसऱ्या टोकाचा एक कॉलेजकुमार येऊन एका खुर्चीत बसला. अशर बाई आल्या, तिकीट मागितलं, आणि त्याला पुन्हा त्याच्या नंबरावर आणून उभं केलं. दुसरा अंक त्या दोन रिकाम्या, पूर्ण दराच्या खुर्च्यांच्या मागे उभं राहून बघितला.

रात्री लेकीने गरम पाण्याची बादली दिली आणि विचारलं, “किती वाचवलेस?” मी दर सांगितला. तिने माझा दिवसभराचा वेळ, दोन कॉफ्या आणि एक सँडविच त्यात मिळवून हिशेब मांडायला घेतला. निवृत्त माणसाचा वेळ तासाला किती धरायचा यावर आमचं जमलं नाही.

डिसेंबरात मी ठाण्याला परतले. पुढच्याच महिन्यात, म्हणजे २०१६ च्या जानेवारीत, ‘हॅमिल्टन’ची लॉटरी इंटरनेटवर नेली. रस्त्यावरची गर्दी आवरेना आणि थंडीही होती. पहिल्याच दिवशी पन्नास हजारांवर नावं आली आणि सगळं बंद पडलं. काही काळाने ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मीही एका रात्री कॉम्प्युटरसमोर बसून नाव भरलं. आमचे हे पाठीमागे पाण्याचा तांब्या घेऊन उभे.

“आणि लागली तर?” ह्यांनी विचारलं.

“दहा डॉलर भरीन.”

“आणि जाशील कशी? तिथे प्रयोग आजच आहे ना?”

“आज रात्री आठला. म्हणजे आपल्या उद्या पहाटे.”

ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणाले, “दोन तिकिटं भर मग,” आणि झोपायला गेले.